दिवसा झोपलेल्याला उठवू नये

सुरतेत भेस्तानच्या ज्या गल्लीत मी सतरा वर्षं राहते, तिथे देवाधर्माचे नियम जो तो आपापल्या सोयीने पाळतो. एक नियम मात्र सगळे पाळतात. दिवसा झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, आणि दिवसा त्याची झोप झाली नाही तर रात्री मशीनमध्ये बोट जायला वेळ लागत नाही. म्हणून ज्या दाराच्या कडीला टॉवेल अडकवलेला असेल, तिथे भाजीवालाही ओरडत नाही. गावाहून आलेला पाहुणा शेजारच्या ओट्यावर पिशवी घेऊन बसून राहतो.

या नियमाची मी फौजदार होते. माझ्या घरात नवरा दिवसपाळीला, धाकटा भाऊ रात्रपाळीला आणि खाट एकच. एक उठला की दुसरा आडवा व्हायचा. भाऊ झोपला की मी दोन्ही मुलींना नुसत्या डोळ्यांनी गप्प करायची. नवरा म्हणायचा, तुझ्या डोळ्यांना आवाज असता तर अख्खं भेस्तान जागं झालं असतं.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो जन्मला तेव्हा आई शेतात मजुरीला जायची, म्हणून तो माझ्या कडेवरच वाढला. धुळ्याकडच्या आमच्या गावात त्याला काम मिळेना तेव्हा आईने त्याला माझ्याकडे पाठवला आणि फोनवर एवढंच म्हणाली, तुझ्या हवाली केलाय. हे वाक्य बोलायला किती सोपं असतं ते आयांना कळत नाही. तेव्हापासून तो पाच मिनिटं उशिरा आला तरी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची.

तो प्यायचा का? महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणजे दारू आहे आणि बंदीही आहे. ज्याला प्यायची तो पितो, पण चोरून, उभ्याउभ्या, घाईघाईत. समोर शेंगदाण्यांची बशी नाही, गप्पा नाहीत, थांबणं नाही. आणि उरलेली ठेवायची कुठे? खोलीत बाटली सापडली तर एक पोलीस आणि दुसरा घरमालक. त्यामुळे आणली की संपवायची, हा इथला दुसरा नियम. तो मला फार उशिरा समजला.

मे महिन्यातला दिवस होता. मुलींना सुट्टी होती. भाऊ एरवी साडेसातला यायचा, त्या दिवशी नऊ वाजले. त्याच्या शेजारच्या मशिनींवर काम करणारा मित्र त्याला खांद्याला धरून घेऊन आला. दोघं हसत होते. मित्र म्हणाला, आक्का, जरा जास्त झालीय, झोपला की ठीक होईल, आणि आपल्या खोलीकडे निघून गेला. त्याची दुपारी गावाची गाडी होती.

मी काय केलं ते सांगते, कारण लपवालपवीचा मला आता कंटाळा आलाय. मी आधी गल्लीत दोन्हीकडे बघितलं. घरमालकाची बायको गच्चीवर पापड वाळत घालत होती. मी भावाचा हात धरून त्याला आत ओढलं आणि दार लावलं. वास एवढा होता की मुलींनी नाकं धरली. त्यांना सांगितलं, मामाला ऊन लागलंय. मग त्याला खाटेवर उताणा झोपवला, उशी दिली, पंखा मोठा केला, आणि दाराच्या कडीला टॉवेल अडकवला. म्हणजे आता त्याला कुणी बघणार नाही आणि कुणी उठवणारही नाही. माझं मलाच बरं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दहाच्या सुमाराला त्याने झोपेतच उलटी केली. मी चिडत चिडत ती पुसली. तोंड एका बाजूला कलतं होतं म्हणून बरं, नाहीतर ती तिथेच घशात गेली असती, हे मला नंतर दवाखान्यात समजलं. तेव्हा मला वाटलं, चला, बाहेर पडली, आता उतरेल. शेजारच्या खोलीत अकोल्याकडच्या एक काकू राहतात. मी त्यांना हळूच बोलावलं. त्यांचा नवरा दारूपायी गेलेला, त्यामुळे गल्लीत दारूच्या बाबतीत त्यांचा सल्ला शेवटचा मानतात. खरं तर जिचा नवरा त्यातून गेला, तिचा सल्ला कशाला घ्यायचा, पण एवढी अक्कल वेळेवर कुणाला असते. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झोपू दे वं त्याले. उतरते आपोआप." लिंबूपाणी पाज म्हणाल्या. मी चमच्याने त्याच्या तोंडात लिंबूपाणी घातलं. ते आत गेलं नाही, घशात खुळखुळलं, आणि त्याला कसासाच ठसका लागला. मी घाबरून चमचा बाजूला ठेवला. काकू पदराने त्याचं तोंड पुसून गेल्या.

मग मी माझ्या कामाला बसले. आमच्याकडे बायका घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवतात. मी पडद्याच्या या बाजूला साडी पसरून बसले होते, पलीकडे तो घोरत होता. घोरण्याचा आवाज मधूनमधून यायचा आणि मला धीर यायचा. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. धाकटीच्या हातून स्टीलचा पेला पडला तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला. पेला पडल्यावर तो दचकलाही नव्हता, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं, म्हणजे कारखाना, आहे. दिवसरात्र खडखडाट चालू असतो. नवा माणूस आला की कानावर हात ठेवतो, आम्हाला तो ऐकूच येत नाही. बारा वाजले असतील, आणि वीज गेली. सगळ्या मशिनी एकदम थांबल्या, पंखाही थांबला. सतरा वर्षांत अशी शांतता मी किती वेळा ऐकली असेल, पण त्या दिवशी त्या शांततेत मला भावाचा श्वास पहिल्यांदा नीट ऐकू आला.

एक घोरणं, ओलं, गुळण्या केल्यासारखं. मग काहीच नाही. माझा हात सवयीने चालत होता. एक टिकली, दुसरी, तिसरी. मग पुन्हा एक घोरणं. पुन्हा काहीच नाही. मी थांबले नाही, उलट मोजायला लागले. दोन श्वासांच्या मध्ये माझ्या सहा टिकल्या लागल्या. मी काही हळू हाताची नाही, पण एकेक टिकली नीट बसवायला दोन सेकंद तरी लागतात.

पडदा बाजूला सारला. वीज नसल्याने खोलीत अंधारच होता, म्हणून मोबाइलचा दिवा लावला. त्याचे ओठ जांभळट दिसत होते. हाताची नखंही तशीच. मे महिना, पंखा बंद, माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि त्याचा हात माठाला लावल्यासारखा गार लागला. मी त्याला हाक मारली. हळूच मारली, हे सांगताना आजही लाज वाटते. मग मोठ्याने मारली. खांदे हलवले, गालावर मारलं, दंडाला कचकचून चिमटा काढला. कडेवर होता तेव्हा त्याला साधी मुंगी चावली तर तो गाव गोळा करायचा. आता त्याची पापणीही हलली नाही.

 काकूंना ओरडून बोलावलं. त्या आल्या, पण अजूनही तेच म्हणत होत्या की घंटाभर थांब, गाडी बोलावली की पोलीस येतात, पोराच्या नावाला डाग लागतो, तुमची खोली जाईल. यातलं काहीही खोटं नव्हतं. घरमालकाने खोली देतानाच सांगितलं होतं की दारूचा मामला झाला तर त्याच दिवशी सामान बाहेर. मी क्षणभर थांबले. तेवढ्यात त्याचा श्वास गेला आणि परत यायला इतका वेळ लागला की मी मनात आईला काय सांगायचं तेच ठरवायला लागले. तो श्वास आला तसा मी फोन उचलला आणि एकशेआठला लावला. मग नवऱ्याला लावला आणि दवाखान्यात ये म्हटलं.

गाडी लवकर आली. गल्लीतल्या सगळ्या टॉवेल लावलेल्या दारांमधून डोकी बाहेर आली. गाडीतल्या माणसाने आधी त्याला कुशीवर वळवलं, वरचा पाय गुडघ्यात मोडून पुढे घेतला, हनुवटी जरा वर केली, आणि तोंडातून लाळ आणि लिंबूपाणी उशीवर वाहून आलं. त्याबरोबर तो गुळण्यांसारखा आवाज कमी झाला. एवढंसं काम. मी तीन तास तिथे बसून होते आणि मला ते करता आलं असतं. त्याने विचारलं, दारू प्यायलाय का. मी म्हटलं, नाही, लू लागलीय, उन्हाची.

खोटं एकदा तोंडातून निघालं की त्याला पाय फुटतात. दवाखान्याच्या दारातही मी तेच सांगितलं, केसपेपर लिहिणाऱ्यालाही तेच. मोठा सरकारी दवाखाना, गर्दी ही एवढी, आणि मी आपली प्रत्येकाला लू, लू करत होते. वासाचं काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, पण मी बघत नव्हते. शेवटी एक तरुण डॉक्टरीण आली. तिने त्याच्या छातीवर मुठीने जोरात घासून बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली, कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळली.

"बेन, लू लागी होय तो शरीर गरम होय. आ तो ठंडुं छे."

 ती आवाज न चढवता पुढे म्हणाली की पोलिसांचं काय ते नंतर बघू, आत्ता याचा श्वास चालू ठेवायचाय, आणि तू जितका वेळ खोटं बोलशील तितका वेळ मी चुकीच्या वाटेला जाईन. किती प्यायला, केव्हा प्यायला, कुठली प्यायला, सोबत काही गोळ्या घेतल्या का, डोक्यावर पडला का, सोबत कोण होतं. मी रडायला लागले. रडत रडत जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. कुठली ते मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नेहमीची दारू असेल तर उपचार एक आणि भेसळीची, इथे जिला लठ्ठा म्हणतात ती विषारी असेल तर दुसरा. त्यात माणूस वाचला तरी डोळे जातात, आणि त्याचा त्रास कधीकधी दुसऱ्या दिवशीच कळतो. सोबतच्या माणसालाही ताबडतोब बघायला हवं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की तो मित्रही कुठेतरी टॉवेल लावलेल्या दाराआड झोपलेला असेल. नवरा वाटेवर होता. मी त्याला फोन करून मागे पाठवलं. मित्राच्या खोलीत आणखी सहाजण राहतात. त्यांनी नवऱ्याला दारातच अडवलं, झोपलाय म्हणाले, दुपारची गाडी आहे, दीड वाजता उठवणार आहोत. नवरा एरवी अतिशय सभ्य माणूस आहे, दुकानदाराला हाक मारतानाही खाकरतो. त्याने त्या सहाजणांना बाजूला ढकललं आणि मित्राच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. मी फोनला कान लावून होते. पलीकडून एक कचकचीत शिवी ऐकू आली, आईवरून. इतकी गोड शिवी मी जन्मात ऐकली नव्हती.

मित्र आला, त्याचे डोळे तपासले, रक्त घेतलं, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवून ठेवलं. त्याच्याकडून खरी हकीकत निघाली. दमणला बंदी नाही, तिकडून कुणीतरी आणून दिलेली बाटली होती. मित्र गावी चाललेला, आठ दिवस खोलीत बाटली कुठे ठेवणार? म्हणून सकाळी पाळी सुटल्यावर खाडीच्या कडेला उभे राहून दोघांनी ती संपवली. मित्राला गाडी पकडायची होती. म्हणून माझा भाऊ म्हणाला, तू कमी घे, मी घेतो. रात्रभर काम केलेलं, पोटात अन्न नाही, आणि पाऊण बाटली अर्ध्या तासात. लहानपणीही तो असाच होता, दुसऱ्याच्या वाटणीचं ओझं उचलायचा. मला त्याचा रागही आला आणि मायाही आली.

आत त्याच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली, ती फार खाली गेली होती. सलाईनमधून ग्लुकोज दिलं, नाकातोंडावर ऑक्सिजन, अंगावर दोन ब्लँकेट. मे महिन्यात ब्लँकेट. श्वास आणखी कमी झाला तर घशात नळी घालावी लागेल म्हणून नळी काढून ठेवली होती, ती मला दिसत होती. मी नर्सला विचारलं की दारू उतरवायचं इंजेक्शन नाही का. नर्स जळगावकडची होती, माझ्याशी आपल्या बोलीत बोलली. असं इंजेक्शन नसतं म्हणाली. शरीरच ती हळूहळू बाहेर काढतं, आपण तोवर माणसाला सांभाळायचं. आणि माणूस आडवा झाला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते, म्हणून झोपल्यावर उतरते हे खोटं, कधीकधी झोपल्यावरच चढते. मी लिंबूपाण्याचं सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ना लिंबू, ना ताक, ना चहा. अंगावर गार पाणी ओतायचं नाही, आधीच अंग गार पडलेलं असतं. घशात बोटं घालून उलटी काढायची नाही. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, श्वास बघत बसायचा आणि गाडी बोलवायची. तांब्याभर पाण्याचं मी तिला सांगितलंच नाही.

मी तिथे लाकडी बाकावर बसले आणि श्वास बघत बसले. मशीनवर आकडे दिसत होते, पण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. मी ब्लँकेटकडे बघत होते. वर गेलं की मोजायचं, खाली आलं की मोजायचं. आईचा फोन दोनदा आला, मी उचलला नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्याने ब्लँकेट लाथेने खाली टाकलं. नर्स म्हणाली, आला शुद्धीवर. तो डोळे न उघडताच पुटपुटला, "आक्का, कसाले उठाडस माले?" मी त्याला अजिबात उठवत नव्हते. मी तिथेच खाली बसून मोठ्याने रडले, आणि शेजारच्या पेशंटची बायको मला पाणी घेऊन आली.

पोलीस आले का? आले. जबाब झाला, सह्या झाल्या, कोर्टाच्या चकराही झाल्या. काहीच झालं नाही असं सांगून मी कुणाला फसवणार नाही. घरमालकाने मात्र खोली काढून घेतली नाही. दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी भावाची तब्येत विचारायला स्वतः आला. मी ज्याच्या भीतीने तीन तास घालवले तो माणूस केळी घेऊन दारात उभा होता.

भाऊ बरा झाला, डोळे शाबूत राहिले, कामावर गेला. बरी नाही झाले ती मी. तो सकाळी येऊन झोपला की मी तासाभराने जाऊन त्याला हलवायची. नाव सांग म्हणायची. तो सांगायचा. पुन्हा तासाभराने हलवायची. तो म्हणाला, आक्का, त्या दिवसापासून मी दारूला शिवलो नाही, तुझ्या पोरींची शपथ. मी म्हणायची, माझा विश्वास आहे, आणि पुन्हा जाऊन त्याच्या नाकाखाली बोट धरायची. एका रात्री कामावर त्याला डुलकी लागली आणि बोट थोडक्यात वाचलं. तेव्हा तो भांडला नाही. कपडे एका पिशवीत भरले आणि कामरेजच्या बाजूला पाचजणांच्या खोलीत राहायला गेला. म्हणाला, तिथे झोपता येतं.

त्याला मी अडवलं नाही. काय तोंडाने अडवणार? पण रोज दुपारी बारा वाजता मी त्याला फोन लावते. त्याला ते आवडत नाही, त्याच्या खोलीतल्या पोरांना तर मुळीच नाही. तो उचलत नाही, बोलत नाही, फक्त झोपेत हात लांब करून फोन कापतो. गेल्या मंगळवारी चार वेळा पूर्ण वाजून बंद पडला. मी पायांत चपला घातल्या, मुलींना काकूंकडे सोडलं आणि रिक्षा थांबवून आत बसलेसुद्धा. पाचव्या वेळी त्याने कापला. रिक्षावाल्याने विचारलं, क्यां जवानुं, बेन? मी म्हटलं, कुठेच नाही. घरी आले, हात धुतले आणि ताट वाढून घेतलं. त्याने फोन कापल्याशिवाय मला घास उतरत नाही.